मागची दोन भोकं

सोसायटीच्या वहीत मी रोज वजनं लिहिते.
रोहू, कटला, मरळ, कधी वाम.
म्हणून पवनीहून मोटर आली त्या दिवशी
तिलाही आधी काट्यावर ठेवा म्हटलं.
छप्पन्न किलो, तेल वेगळं.
जुनी होती एकोणतीस.
"वहिनी, हे का मासोरी होय?" दुलीचंद हसला.
मी तरी लिहून ठेवलं.

नाव पांढरी, फायबरची, कोणत्याशा योजनेतली.
आतली तळफळी पाण्याच्या चार बोटं वर,
मागच्या फळीत दोन भोकं,
तान्ह्या पोरीच्या बांगडीएवढी.
लाट आत आली तर आपल्या पायानं बाहेर जाते,
उपसायला माणूस लागत नाही,
असं साहेबानं दोनदा सांगितलं.
दोन्ही वेळा मामाजी त्याच्यासमोरच उभे होते,
हातात तेलाचा कापलेला डबा.

आठव्या वर्षापासून डोंग्यातलं पाणी उपसलेला माणूस.
त्या दिवसानंतर डब्यात कोंबड्यांचं पाणी
आणि मामाजी घरी.

नवी मोटर कसली
तशी नाव मागं बसली.
जड पाहुणा खाटेच्या पायथ्याशी टेकावा
आणि उशीकडची बाजू उचलावी, तसं तिचं नाक वर.
चार बोटांचं एक उरलं.
दुलीचंद मागं बसला, टाकी त्याच्या पायाशी,
बॅटरी टाकीला लागून.
मग तेही उरलं नाही.

धावत होती तोवर कुणाला काही कळलं नाही.
धावत्या नावेतलं पाणी मागं निघून जातं.
जाळ्याच्या पहिल्या थर्माकोलपाशी मोटर बंद केली
आणि ज्या भोकांतून जायचं
त्याच भोकांतून ते आत आलं,
सावकाश,
चपला बाहेर न काढता.
मागं साचलं म्हणून मागचं आणखी जड,
जड म्हणून आणखी पाणी.
बेरजा मला येतात,
पण ही कुठं थांबवायची ते सांगता आलं नसतं.

शेवटी भोकांत लुगड्याच्या चिंध्या कोंबून परत आले.
चिंध्या कोंबल्या की आतलंही बाहेर जात नाही,
हे पोटऱ्या भिजल्यावर लक्षात आलं.

काठावर पुष्कळ बोलणं झालं.
मोटर परत करा.
भोकं वर पाडा.
शालिक मेकॅनिक म्हणाला, रबराची झडप बसवू,
पुढच्या बाजाराच्या दिवशी.
मामाजी काही बोलले नाहीत.
धोतर खोचून चढले,
थेट पुढं जाऊन नाकाशी बसले, पाठ आमच्याकडे.
मागची भोकं पाण्यातून वर आली.
टाकी पुढं सरकवली, बॅटरी सरकवली.
दोन बोटं.
"आता हालू नका, मामाजी."
"मी कायले हालू?
सकारपासून बसूनच तं आहो घरी."

संध्याकाळी काटा पुसून त्यांना उभं केलं.
सत्तेचाळीस. डब्यासकट अठ्ठेचाळीस.
माणसाला रकाना नव्हता,
मी मरळच्या खाली लिहिलं.

मध्ये त्यांना ताप आला,
तेव्हा त्यांच्या जागी रेतीचं पोतं ठेवलं,
मोजून पन्नास किलो.
खोटं कशाला सांगू, नाव बरोबर राहिली.
भोकं कोरडी, जाळं वेळेवर.
"पोतं बेस आहे," दुलीचंद अंगणात बोलला,
"भात बी मागत नाही."
खोलीतून नुसतं खोकणं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बघते
तर पोतं रिकामं, दोरीवर वाळत घातलेलं,
रेती सगळी खुराड्यात पसरलेली,
कोंबड्या अंग घोळताहेत तिच्यात,
आणि मामाजी काठावर, डबा घेऊन,
दुलीचंदच्या आधी.

आजकाल रात्री ते भात दोनदा मागतात.
परवा आपणहून काट्यावर चढले.
साडेअठ्ठेचाळीस,
डबा खाली ठेवून.